सत्काराचे चार चॅनल

सत्कार झाला म्हणजे तो झालाच, असं नसतं. तो चारचौघांना दिसावा लागतो, आणि चारचौघांना दिसला हे सत्कारमूर्तीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावं लागतं. विज्ञानाला ही अडचण फार उशिरा कळली. फैजपूरच्या चुडामणला मात्र वेळेवर कळली, कारण त्याच्या घरात लग्न होतं.

चुडामण गावचा केबलवाला. त्याची मुलगी मेघा धुळ्याला द्यायची ठरली. मुलाचे वडील ज्ञानेश्वर नाना निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी शाळा सोडली, पण घंटा काही त्यांना सोडेना. सुपारी फुटली त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं, "मुहूर्त चुकना, ते बठ्ठं वऱ्हाड माघारी लई जासू." म्हणजे मुहूर्त चुकला की सगळं वऱ्हाड परत. आणि नाना बोलतात ते करतात, असा धुळ्यात लौकिक होता. (पुतण्याच्या लग्नातून ते असेच उठून गेले होते. जेवून.) चुडामण त्या दिवसापासून घड्याळ ताटाशेजारी ठेवून जेवू लागला.

कारण आपल्याकडे मुहूर्त भटजी काढतात आणि माइक तो मोडतो. नवरा-नवरी उभी राहून घामाघूम होतात, आणि माइकवरून मान्यवरांना शाल, टोपी, श्रीफळ चाललेलं असतं. एखादं नाव राहिलं की तो माणूस रुसतो. त्याला समजवायला जो जातो त्याचं नाव तेवढ्यात पुकारलं जातं, तो जागेवर सापडत नाही, मग तोही रुसतो. शंभरातल्या नव्व्याण्णव लग्नांत असा मुहूर्त टळतो. (शंभरावं नोंदणी पद्धतीचं असतं; तिथे साहेब जेवायला गेलेले असतात.)

चुडामणच्या बाजूने न टाळता येणारे मान्यवर तीन. चुलते उखर्डू आबा. माजी सरपंच झुलाल भाऊ. आणि मंगल कार्यालयाला पंखे देणारे अभयकुमार शेठ, ज्यांचं नाव प्रत्येक पंख्याच्या प्रत्येक पात्यावर असल्यामुळे पंखा बंद असेल तरच वाचता येतं. चौथे खुद्द नाना. ते वेळेचे मोठे भोक्ते, पण सत्काराला वेळ लागतो हे त्यांना तत्त्वतः मान्य होतं.

अशा वेळी चुडामणला त्याच्या नव्या यंत्राची आठवण झाली. सदर यंत्रास मॉड्युलेटर म्हणतात. एका बाजूने तारेतून एचडी चित्र आत घालायचं. दुसऱ्या बाजूने ते टीव्हीचं चॅनल होऊन निघतं आणि गावातल्या प्रत्येक घरात, कोणी मागितलं नसताना, पोचतं. चार तारा आत, चार चॅनल बाहेर. मान्यवरही चारच. यंत्र बनवणाऱ्याने फैजपुरातली एखादी पंगत पाहिली असणार, याबद्दल चुडामणला शंका उरली नाही.

योजना अशी ठरली. सकाळीच कार्यालयाच्या चार कोपऱ्यांत चार व्यासपीठं, चार कॅमेरे आणि चार निवेदक. चारही सत्कार एकाच वेळी उरकायचे. मग बरोबर बाराला त्यांचं चित्रण चार चॅनलवर लावायचं, म्हणजे मान्यवर स्वतःला पाहण्यात गुंततील आणि बारा एकवीसच्या मुहूर्ताला कोणी तोंड उघडणार नाही.

अडलं ते चॅनलच्या नंबरावर. दुसरा नंबर घ्यायला कोणी तयार होईना. आबा म्हणाले, दोन नंबरवर दिसण्यापेक्षा मी न दिसलेला बरा. (हे त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं.) रात्रभर डोकं खाजवून चुडामणने तोड काढली: आबांना १, झुलाल भाऊंना ११, शेठना शकुनाचा १०१ आणि नानांना १११. आबा पहिले म्हणून खूश. झुलाल भाऊ एकावर एक म्हणून खूश. शेठ शकुनावर खूश. आणि तीन एक्के दुसऱ्या कोणाकडेच नाहीत, म्हणून वरपक्ष खूश. एवढं सर्वांना समान ठेवणारं वाटप या तालुक्यात पाण्याचंही झालेलं नाही.

आदल्या दिवशी कमलबाईंनी, म्हणजे चुडामणच्या बायकोने, सहज विचारलं की मग लग्न कोणत्या नंबरवर दिसणार? चुडामण हसला. लग्न तर डोळ्यांसमोरच लागणार, ते टीव्हीवर कशाला? शिवाय पाचवी तार यंत्रात बसत नाही. बायकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत, असं त्याने मनात म्हटलं. (मोठ्याने म्हणण्याची त्याची छाती नव्हती.)

लग्नाच्या दिवशी सगळं कसं योजनेबरहुकूम झालं. सत्कार झाले, टोप्या बसल्या, कोणी रुसलं नाही. पावणेबाराला आबा उठले. घरी जरा औषध घेऊन येतो म्हणाले. त्यांच्यामागे त्यांची सगळी भाऊबंदकी औषध घ्यायला निघाली. झुलाल भाऊंचा गट निघाला. शेठना दुकानाची आठवण झाली. कार्यालयात टीव्ही नव्हता, हे चुडामणच्या आत्ता लक्षात आलं. टीव्ही जानवशावर होता, म्हणून नवरदेव सोडून अख्खं वऱ्हाड, नानांसकट, जानवशाकडे वळलं. चौघे कॅमेरावालेही गेले. मान्यवर स्वतःला पाहत आहेत, हे टिपायला कोणीतरी हवंच.

बारा एकवीसला भटजींनी मान वर केली, तर मांडवात नुसत्या खुर्च्या. चुडामणने घड्याळ पाहिलं. थांबावं तर मुहूर्त जातो, लावावं तर माणसं नाहीत.

"बाबा, लावून टाका," मेघा मुंडावळ्या सावरत म्हणाली. "कोणी नाही तोवर."

अंतरपाटाचं एक टोक कमलबाईंनी धरलं, दुसरं आचाऱ्याने. त्याच्या हाताला वांग्याच्या भाजीचा वास येत होता. वाढप्यांनी अक्षता टाकल्या. खानदेशात मिनिटाला मिनिट मुहूर्त साधलेलं हे बहुधा पहिलंच लग्न. नवरा-नवरी चक्क हसत होती. कमलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला त्यांना निवांतपणा मिळाला. चुडामणला एवढं हलकं वर्षभरात वाटलं नव्हतं.

पाऊण वाजता नाना परत आले, हातात घड्याळ धरून.

"मुहूर्त?"

"साधला, नाना. मिनिटाचा फरक नाही."

नानांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मुलाच्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं. वऱ्हाड माघारी न्यायला काही कारण उरलं नव्हतं.

"मन्हा पोऱ्यानं लगीन लागी गयं?" ते हळूच म्हणाले. मग जरा सावरून, "रेकॉर्डिंग शे ना?"

रेकॉर्डिंग चार होती. चारही सत्कारांची, एचडी.

पुढे अल्बम आला. जाडजूड. त्यात मेघा दोनदा दिसते; एकदा आबांच्या फेट्यामागे अर्धी, एकदा जेवताना. अल्बम घरोघर फिरला. प्रत्येकाने आपलं पान काढलं, डोळे मिटलेले आलेत म्हणून कुरकुर केली आणि पुढच्या घरी पाठवला. नवरी फारशी दिसत नाही, अशी तक्रार अद्याप कोणाकडूनही आलेली नाही. चुडामणने आता आठ तारांचं यंत्र मागवलंय.

तुम्ही हसताय, हसा. पण ज्या लग्नाला तुम्ही शेवटचे गेला होतात, त्या नवरीचं नाव सांगा बघू. पत्रिकेत तुमचं नाव कितवं होतं, ते मी विचारत नाही. ते तुम्हाला पाठ आहे.