पडद्यामागचा कूलर

अकोल्याच्या मे महिन्यात सावलीसुद्धा सावली शोधत हिंडते, आणि कुलदीपच्या घरात कूलर एकच. त्याचंही तोंड पडद्याकडे! राजापेठहून स्थळ पाहायला आलेले शेषराव, त्यांची बायको दुर्गाबाई आणि मुलगी मोनाली सोफ्यावर उकडून निघत होते. याआधी दोन स्थळं उठून गेली होती. हे तिसरं.

"पडद्यामागं कोण घोंघावते?" शेषरावांनी घाम पुसला.

"मशीन हाये काका. क्रिप्टोचं मायनिंग करते."

"म्हंजे काय करते?"

कुलदीप समजावू लागला. "व्यवहाराच्या गठ्ठ्याले एक आकडा जोडते अन् साऱ्याची हॅश काढते. हॅश म्हंजे ठसा. आकडा एकानं वाढवला की ठसा साराच बदलते. ठशाच्या सुरुवातीले ठरल्याइतके शून्य आले की जिंकलो, डिजिटल नाणं आपलं."

"मंग तोच आकडा लाव ना सरळ!"

"आधी समजतच नाई. लावत राहाचं. सेकंदाले कोट्यवधी."

"आजवर कितीकदा जिंकला?"

"अजून... एकबी नाई."

दुर्गाबाई उठल्याच. कुलदीपची आई वच्छला घाबरली. "बसा न बाई, हवा घ्या!" म्हणत तिनं कूलर पाहुण्यांकडे वळवला. तापलेलं मशीन किंचाळलं. कुलदीपनं कूलर परत फिरवला, आईनं पुन्हा इकडे. या ओढाताणीत शेषरावांच्या डोक्यावर थंड पाण्याचा अभिषेक झाला. कोणी हसेना.

मोनाली गुपचूप पडद्यामागे गेली आणि बाहेर आली. "याची इंटरनेटची वायर कुठं हाये?"

"ते निळी दोरी?" वच्छला म्हणाली. "कुरडयाची चादर उडून राहिली होती माय. गच्चीवर बांधली म्या त्याच दोरीनं, मागच्या हप्त्यात."

कुलदीपनं डोकं धरलं. "म्हंजे हप्ताभर हे जुनंच गणित सोडवून राहिलं! जगानं ते कवाच सोडवलं. अन् याचा आकडा बरोबर आला असता, तरी सांगाचं कोणाले?"

तिसरंही स्थळ गेलं, हे कुलदीपनं मनोमन मान्य केलं.

दुर्गाबाई मात्र परत बसल्या. "जुन्याच गणितात अडकलेलं, घडीघडी तापते, दिवसभर घोंघावते अन् ऐकत कोणी नाई?"

"हाव, काकू."

"रिटायर झाल्यापासून आमच्या घरी बी एक हाये असं. मोनालीले सवय हाये त्याची. तारीख पाहा, जवाईबापू!"

शेषराव यावर बरंच काही बोलले. पण ते कोणी ऐकलं नाही.