नेच्याचं पाणी कुठे मुरलं?

“माझी नजर म्हणजे काय चीज आहे ते गुन्हेगारांना विचार,” भिंगराव म्हणाले. “मी नुसतं रोखून बघितलं की भिंतीसुद्धा कबुलीजबाब देतात. असा मेंदू शतकातून एकदाच जन्माला येतो.”

“भाऊजी, समोरच्या पाटीवरची शेवटची ओळ वाचा बघू,” मेहुणा म्हणाला.

“समोर पाटी आहे?”

मेहुण्याचं चष्म्याचं दुकान होतं. निवृत्त झाल्यावर घरी बसून ताईच्या, म्हणजे बायकोच्या, प्रत्येक भांड्याची उलटतपासणी करू लागलेल्या भिंगरावांना ताईने भावाच्या गळ्यात मारलं होतं, आणि त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत ‘गुप्त तपास कार्यालय’ थाटलं होतं. त्याची पाटी मात्र रस्त्याच्या टोकावरून वाचता यायची. हातातलं भिंग दुकानातलंच होतं. ते परत मिळण्याची आशा मेहुण्याने सोडली होती. “ह्यांना एकटं सोडू नकोस हं,” ताईने त्याला बजावलं होतं. “मागे हरवलेलं मांजर शोधायला गेले आणि स्वतःच हरवले. मांजर आपलं आपण घरी आलं.”

अशा ह्या कार्यालयात एका रणरणत्या सकाळी टेलरबाई आल्या आणि खुर्चीत बसण्याआधीच रडू लागल्या.

“माझ्या नेच्याला कोणीतरी मारतंय हो!”

“नेचा कोण? मुलगा?” भिंगरावांनी भिंग सरसावलं.

“झाड आहे. माणसाएवढं उंच, वर पानांची छत्री. ह्यांनी रोपापासून वाढवलंय. वर्षाला बोटभरसुद्धा वाढत नाही ते! ऐन थंडीत हे बोटीवर गेले, जाताना म्हणाले, बाकी घर पडलं तरी चालेल, पण हा जगला पाहिजे. आता पंधरा दिवसांत येतील आणि नेचा तर वाळून काडी झालाय. पाणी घालतेय, तरी!”

“त्यांना फोन केलात?” मेहुण्याने विचारलं.

“काय तोंडाने करू?”

टेलरबाईंच्या वरच्या मजल्यावरच्या गच्चीत अर्ध्या पिंपात नेचा उभा होता. पानं तांबूस होऊन खाली लोंबत होती. खोडाला मात्र बाईंनी स्वतः शिवलेला लोकरी कोट होता, गळ्यापासून बुंध्यापर्यंत, रेनकोटच्या कापडाचं अस्तर लावलेला, आणि पुढे पितळी बटणांची रांग. त्यांच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या कित्येक गिऱ्हाइकांपेक्षा तो नेचा नीटनेटका दिसत होता.

भिंगरावांनी गुडघे टेकून बुंध्याशी हुंगलं आणि डोळे मिटले.

“इथे नक्की पाणी मुरतंय!”

“मुरत असतं तर झाड कशाला वाळलं असतं?” मेहुणा पुटपुटला.

त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली. “खारट! मिठाचा प्रयोग झालाय!” मेहुण्याने आठवण करून दिली की वाटेत खारे शेंगदाणे खाल्लेत आणि बोटं धुतलेली नाहीत. भिंगरावांनी मिठाचा सिद्धान्त मोठ्या मनाने मागे घेतला. मग संशय शेजारच्या मांजरावर गेला, पण मांजर त्यांच्याकडे बघून जांभई देऊन निघून गेलं. मग त्यांनी कोटाच्या बटणांवर पावडर टाकून ठसे घेतले. सगळे ठसे बाईंचेच निघाले.

“फार धूर्त गुन्हेगार आहे,” ते म्हणाले. “एकही ठसा ठेवला नाही.”

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून टेलरबाईंची नणंद वर आली. ती निवृत्त नर्स होती, आणि दोघी नणंदा-भावजया रोज दुपारी एकत्र चहा घेत. तिच्या हातात तांब्या होता आणि तो ती नेच्याच्या बुंध्याशी रिकामा करू लागली.

“हँड्स अप!” भिंगराव ओरडले. तांब्या खाली पडून त्यांच्याच पायावर आला. लंगडत का होईना, त्यांनी निकाल जाहीर केला. “नर्स! म्हणजे औषधं! औषधं म्हणजे विष! भावाचं प्रेम झाडावर जास्त, म्हणून बहिणीचा जळफळाट! प्रकरण मिटलं.”

“अहो, मी तर हिला मदत म्हणून...” नणंद भावजयीकडे वळली. “तुला पटतंय हे?”

टेलरबाईंनी नाही म्हणायला हवं होतं. पण रात्र रात्र डोळ्याला डोळा नव्हता, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मला न सांगता का घालत होतीस मग?”

झालं. शब्दाने शब्द वाढला. कधीकाळी उसन्या नेलेल्या इस्त्रीचं प्रकरण निघालं, लग्नातला मानपान निघाला. नणंद खाली गेली, आणि थोड्याच वेळात खालून कपाट उघडण्याचे आणि बॅगेची चेन ओढण्याचे आवाज येऊ लागले. ती मैत्रिणीकडे राहायला निघाली होती, कायमची.

मेहुण्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकीच्या नंबरचा चष्मा दिला तर तो बदलून देता येतो. हे कसं बदलून देणार? तो जिना उतरून गेला, पण नणंदेने दार उघडलं नाही. “भाऊजी, माफी मागा,” तो वर येऊन म्हणाला.

“सत्य कधी माफी मागत नाही,” भिंगराव म्हणाले आणि पाय चोळत बसले.

अशा वेळी ताई आली. नवरा जेवणाचा डबा विसरला होता आणि तिला टेलरबाईंकडे मापही द्यायचं होतं. गच्चीत शिरताच ती थबकली.

“अगबाई, काय सुरेख कोट! आणि पुतळाही चांगला उंच घेतलाय. डोक्यावरची ही पानांची टोपी मात्र शोभत नाही हो. घालून बघू का?”

कोणी काही म्हणायच्या आत तिने भराभर बटणं काढली. कोट गळून पडला. आतलं खोड काथ्यासारखं कोरडं ठणठणीत होतं. हात लावला की भुसा उडत होता.

“ह्या उकाड्यात झाडाला कोट?” ताई म्हणाली. “मला तर अंगातलं पोलकंसुद्धा जड होतंय.”

टेलरबाईंचा हात तोंडाशी गेला. मेहुण्याने त्यांच्यापुढे फोन धरला, आणि त्यांनी बोटीवरचा नंबर लावला. पलीकडून नवऱ्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“अगं, मी थंडी होती म्हणून तसं सांगितलं होतं! शेंडा कोरडा ठेव, कोट घाल, भर दुपारी बुंध्याशी घोटभर पाणी दे, हे सगळं थंडीपुरतं! थंडी सरली की कोट काढायचा. ते नुसतं खोड नाही, बाहेरून सगळी मुळंच आहेत. तहान त्यालाच लागते. उन्हाळ्यात रोज शेंड्यापासून खालपर्यंत आंघोळ घाल, फार तापलं तर दोनदा. पाऊस लागला की हात आखडता घे, फक्त पिंपात पाणी साचू देऊ नकोस. हवा गार व्हायला लागली की हळूहळू कमी कर. शेंडा अजून टणक आहे का बघ.”

मेहुण्याने चाचपला. टणक होता.

“मग जगेल,” नवरा म्हणाला. “माझ्या बहिणीला विचार, तिला माहितीये. लहानपणी मला आंघोळ तीच घालायची.”

फोन ठेवून टेलरबाई अनवाणीच खाली धावल्या. दाराशी काय बोलणं झालं ते कोणालाच ऐकू आलं नाही. फक्त बॅगेची चेन पुन्हा वाजली, ह्या वेळी उघडण्याची. मग दोघी झारी घेऊन वर आल्या. नणंदेने स्टुलावर चढून शेंड्यावर पाणी धरलं, भावजयीने खाली स्टूल धरलं. कोरडं खोड पाणी पीत राहिलं, पीत राहिलं, आणि हळूहळू काळंभोर झालं.

“म्हणजे कोट हाच गुन्हेगार,” भिंगराव म्हणाले. “मला पहिल्यापासून तो फार सभ्य वाटला होता. संशयास्पद सभ्य.”

“डबा खा,” ताई म्हणाली.

नवरा परत आला त्या दिवशी भिंगराव हट्टाने हजर राहिले, आणि म्हणून मेहुणाही. जुनी पानं कापून टाकली होती, पण शेंड्यात गोगलगायीसारखे गुंडाळलेले तपकिरी कोंब वर आले होते. नवऱ्याने बॅग खाली टाकली आणि ओल्या खोडावर तळवा ठेवला.

मग त्याने विचारलं, “हे कोणी केलं?”

“हिने!” दोघी एकदम म्हणाल्या आणि दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

भिंगरावांनी मेहुण्याच्या बरगडीत कोपर मारलं. डोळे चमकत होते.

“बघितलंस?” ते कुजबुजले. “नवरा समोर यायची खोटी, लागल्या एकमेकींवर ढकलायला. प्रकरण पुन्हा उघडावं लागणार.”

मेहुण्याने त्यांच्या हातातलं भिंग काढून खिशात घातलं, त्यांचा दंड धरला आणि पाठीमागच्या जिन्याने त्यांना खाली घेऊन गेला.