बर्फावरची पूर्वतयारी

"एक बाटली औषध माझं काय वाकडं करणार?" आर्विड हॉगन बायकोला म्हणाला. "मिनेसोटाचे साठ हिवाळे पचवलेत मी!"

"आयनारही असाच बोलायचा," लोरेन म्हणाली. आयनार आर्विडचा भाऊ. त्याला आतड्याचा कॅन्सर आहे हे कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून तर तिने हात धुऊन मागे लागून आर्विडची उद्याची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, ठरवली होती. आज दिवसभर नुसतं पाणी, गाळलेलं सूप, बिनदुधाची कॉफी. संध्याकाळी जुलाबाचं अर्धं औषध, पहाटे उरलेलं. आतडं लख्ख हवं, नाहीतर डॉक्टरांना दिसणार काय?

लोरेन चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली. आर्विडने अर्धं औषध घशाखाली उतरवलं. बराच वेळ झाला तरी पोट ढिम्म! "औषधच घाबरलं!" म्हणत स्वारी गळ घेऊन निघाली ती थेट गोठलेल्या तळ्यावरच्या आपल्या खोपटात. तिथे बर्फाला पाडलेलं भोक, एक स्टूल आणि एक बादली, एवढाच संसार.

गळाला मासा लागला आणि त्याच क्षणी पोटात गुरगुरलं. आधी हळू, मग सगळ्या तळ्याचा बर्फ फुटावा तसं! मासा, गळ, टोपी तिथेच टाकून आर्विड शेजारच्या ड्वेनच्या खोपटाकडे धावला. त्या खोपटात संडास होता. या चैनीवरून आर्विडनेच ड्वेनची भरपूर टर उडवली होती.

"ये ये, आर्विड! थंडी काय म्हणतेय?"

आता आमच्या मिनेसोटात कुणाच्या दारात गेल्या गेल्या कामाचं बोलत नाहीत. आधी हवा, मग मासे, मग कॉफीला दोनदा नकार आणि तिसऱ्यांदा होकार. ही रीत मोडायची म्हणजे आर्विडला मरणच!

"बरी आहे थंडी," तो पाय आवळून म्हणाला.

"कॉफी?"

"नको, कशाला त्रास."

"त्रास कसला! घे की."

"न... नको रे." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडतोस काय? घरी सगळं ठीक ना?" ड्वेनची बायको मार्लिस हातातले पत्ते टाकून उठली.

"संडास!!" आर्विड ओरडला. जन्मभराची सभ्यता बर्फाखाली गेली.

तो आत शिरला तो बाहेर येईना. शेवटी दाराआडूनच सगळं सांगावं लागलं. औषध, उद्याची तपासणी, आयनार. "खरं सांगू? घाबरलोय रे मी."

मग बाहेरून मार्लिसचा आवाज आला, "ड्वेन, पन्नाशी ओलांडलीस तू. तुझी तपासणी कधी?" ड्वेन साखर न घातलेली कॉफी ढवळत बसला.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या वेळी गुंगीत आर्विडला काही कळलंच नाही. जागा झाला तर लोरेन त्याचा हात धरून रडत होती. तो धडपडत उठू लागला.

"अरे, आनंदाने रडतेय, वेड्या!"

"आतड्यात मांसाचे तीन छोटे कोंब होते, तिन्ही काढले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासायला पाठवलेत, पण साधेच दिसताहेत. तसेच राहिले असते, तर पुढे कॅन्सर होऊ शकला असता. आता तीन वर्षांनी या."

आर्विडने मोठा श्वास सोडला. "येतो की! फक्त तारीख उन्हाळ्यातली द्या."

लोरेनने डोळे पुसले. "उन्हाळ्यात तू होडीत असतोस, आर्विड. तिथून धावणार कुठे?"