तंबूतला जयवंता

"बैल लंगडतोय," आबाजी पुन्हा एकदा म्हणाले, तेव्हा गोदूबाईंनी चुलीवरच्या भाकरीवरची नजर उचलली.

"मग काल बांध ओलांडून पळाला तो कुणाचा बैल? जायचं नाय तर सरळ सांगा की गावाला."

सरळ सांगणं हीच तर पंचाईत होती. आबाजी खोटारडे नव्हते. पण अळणी गोष्ट सांगणं त्यांना जमत नसे. भात भरडायला ते कर्जतच्या गिरणीवर गेले होते. तिथे स्टेशनाबाहेर तंबूत लढाईचा सिनेमा लागला होता. तो त्यांनी अर्धाच पाहिला, कारण सोबतीच्या गाड्या निघाल्या. परत आल्यावर देवळापुढे बसून मात्र त्यांनी सगळी लढाई लढून दाखवली. तोफा तोंडाने वाजवल्या, विमानं हाताने उडवली. सोनुबाई अगदी पुढे बसली होती. तिचा जयवंता पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेला होता आणि पावसाळ्यापासून त्याची काही खबर नव्हती.

तिने हळूच विचारलं, "आबाजी, त्या शिपायांत आपल्याकडचं कुणी व्हतं का वो?"

तिचा चेहरा पाहिला आणि आबाजींच्या तोंडून निघून गेलं, "व्हतं म्हंजे? तुझा जयवंताच तर सगळ्यांच्या पुढं व्हता."

पडद्यावर एक सावळा, हसरा पोरगा दिसला होता, एवढंच. पण सोनुबाई त्या दिवशी पोटभर जेवली म्हणे. ते ऐकून आबाजींना आपण पुण्यच केलं असं वाटलं. ते पुण्य आता गाड्या जुंपून दारात उभं होतं. सगळ्या वाडीला जयवंता पाहायचा होता.

दिवेलागणीला मंडळी तंबूत जाऊन बसली. सोनुबाई नवं लुगडं नेसून आली होती. आबाजी तिच्या शेजारी, चोर चावडीत बसावा तसे अंग चोरून बसले. पडद्यावर पलटण आली.

"कंचा माझा?"

"त्यो. त्यो हसतोय ना, त्यो."

सोनुबाई डोळे बारीक करून बघत राहिली. "लई काळा पडलाय."

"उन्हातान्हात असतो बाई."

"उंच पण वाटतोय."

"पडदा मोठा हाय."

मागून विमलबाई म्हणाली, "अगं, सरकारचं खाऊन माणूस वाढतं. माझा लडकू पण असाच झाला असंल." तिचाही लडकू पलटणीतच होता.

त्या शिपायाने आपल्या वाटणीची रोटी जखमी सोबत्याला दिली, तेव्हा वाडीने टाळ्या वाजवल्या. "लहानपणी पण असाच द्यायचा," सोनुबाई शेजारच्या अनोळखी बाईला सांगू लागली. आबाजींना जमीन दुभंगली तर बरं, असं झालं. पण जमीन काही हलली नाही. सिनेमा मात्र अर्ध्याच्या पुढे सरकला. तिथून पुढचं आबाजींनीही पाहिलेलं नव्हतं.

एक गोळी आली आणि तो हसरा शिपाई चिखलात पडला, तो उठलाच नाही.

सोनुबाई पडद्याकडे हात करून अर्धवट उठली. मग वाडीच्या बायकांनी एकदम गळा काढला. आबाजी ताडकन उभे राहिले. "रडू नका. त्यो जयवंता नाय. मी खोटं बोललो. त्यो कुणीतरी नट हाय, मेला बी नाय. आता घरी जाऊन जेवत असंल."

"खाली बस की, म्हाताऱ्या," मागून कुणी ओरडलं. पण वाडीची माणसं उठली होती. पुढचा सिनेमा न बघताच सगळी गाड्यांत येऊन बसली. वाटभर कुणी आबाजींशी बोललं नाही. बैलसुद्धा मुकाट्याने चालत होते.

सकाळी सोनुबाई दारात आली. आबाजी मान खाली घालून ओटीवर आले. काय ऐकावं लागेल ते ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सोनुबाईने त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"माझ्या पोराचं आयुष्य वाढवलंत, आबाजी."

"मी?"

"मेल्याची खोटी खबर उठली का माणसाचं आयुष्य वाढतं, आमची सासू सांगायची. तुमी तर अख्ख्या वाडीला मरण दावलंत. आता शंभरी गाठंल तो."

तिने शिव्या घातल्या असत्या तर गूळ इतका कडू लागला नसता. तेवढ्यात विमलबाई येऊन उभी राहिली.

"आबाजी, आमच्या लडकूला बी मारा की."

"काय बोलतेस तू?"

"तिच्या पोराला मारलंत, माझ्या पोरानं काय घोडं मारलं? फकस्त लई हाल करू नका. पटकन मारा."

"अगं, मी आता खोटं बोलायचं नाय, असं ठरवलंय."

"एकीसाठी बोललात, दुसरीला नाय म्हणता व्हय?" गोदूबाई आतून म्हणाल्या. "उठा, बैल जुंपा. आज लंगडत नाय तो."

पुन्हा गाडी निघाली. ज्यांची ज्यांची पोरं पलटणीत होती, त्या सगळ्या आया तीत बसल्या होत्या. त्यांत जिजाही होती. तिने काही मागितलं नव्हतं. तिच्या पोराचं, शुक्राचं, जे व्हायचं ते गेल्या वर्षीच इंफाळच्या लढाईत होऊन गेलं होतं, आणि ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

तंबूत लढाई पेटली. शिपाई पडू लागले आणि आबाजी शरमेने घोगऱ्या झालेल्या आवाजात एकेकाकडे बोट दाखवू लागले. "ह्यो लडकू." विमलबाईने पदरात तोंड लपवून पोटभर रडून घेतलं आणि मग सुपारी तोंडात टाकली. "त्यो झाडाखालचा नागू." दुसरी रडली. आजूबाजूची माणसं वळून बघत होती. आबाजींना वाटलं, यमाच्या दारातल्या कारकुनालाही एवढी लाज वाटत नसेल.

शेवट त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिला. लढाई थांबली. उरलेसुरले शिपाई एका स्टेशनात आले आणि गाडीत चढू लागले. आबाजींचं काम संपलं होतं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"आबाजी," जिजा म्हणाली, "हे घरी निघालेत ना?"

"हो."

"यातला माझा शुक्रा कंचा?"

बाकीच्या बायकांनी आबाजींकडे पाहिलं. त्यांनी नुसतं बोट पुढे केलं. खांद्यावर पिशवी टाकलेला एक किडकिडीत पोरगा डब्याच्या दाराशी उभा होता.

जिजा उभी राहिली. पदर सावरून, मान उंच करून ती त्या पोराकडे बघू लागली. शिट्टी झाली, गाडी हलली.

"ए बाई, खाली बस," मागून आरडाओरडा सुरू झाला. "दिसत नाय आमाला."

आबाजी उठले आणि जिजाच्या मागे जाऊन, धोतर सावरत, जमेल तेवढे रुंद होऊन उभे राहिले. आता शिव्या पडायच्या त्या त्यांनाच पडणार होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्या मुकाट्याने खाल्ल्या.