कव्हर थोरल्याचं, पानं धाकट्याची

"अहो, या महिन्यात तुम्ही चक्क चांगलं लिहिलंय!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली आणि संपादकांनी धावत जाऊन अंक हातात घेतला. तीस वर्षं ते आपल्या चर्चच्या मंडळीचं मासिक काढत होते. घरातून कौतुक झालं म्हणजे गडबड नक्की.

गडबड होतीच. कव्हर त्यांचं, पण आतली सोळा पानं धाकट्या भावाची! धाकटा अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या मंडळीत गेला, तिथल्या मासिकाचा संपादक झाला आणि दोघांचं बोलणंच तुटलं. हे लिहायचे, बाप्तिस्म्याला डोक्यावर पाणी शिंपडलं की पुरे. पुढच्या महिन्यात तो लिहायचा, अख्खा माणूस बुडवल्याशिवाय बाप्तिस्माच नव्हे. सख्ख्या भावांचा काय तो एवढाच संवाद. आता यांच्याच मासिकात पान सातवर ठळक छापलं होतं, 'शिंपडणाऱ्यांनो, जागे व्हा!'

संपादकांनी बाइंडरला फोन लावला.

"दोन्ही मासिकं निळी, दोन्ही सोळा पानी, दोन्हींत देव एकच," बाइंडर म्हणाला. "मी बापडा ओळखणार कसा? तुमची पानं तिकडे गेली असतील. टपालात पडलीसुद्धा."

शनिवारी समितीची बैठक होती आणि विषय एकच, मासिक चालू ठेवायचं की बंद करायचं. त्यात हे! पायांत चपला सरकवून संपादक अंक परत गोळा करायला निघाले.

"परत कशाला? फार आवडला हो अंक," खजिनदारबाई म्हणाल्या.

"कोणता लेख?"

"सगळेच!"

पाळकसाहेबांनी तर पाठ थोपटली. "तुमची लेखणी लगेच ओळखू येते बघा." अध्यक्षांच्या टेबलावर अंक वेष्टनासकट पडला होता आणि त्यावर चहाचा कप होता.

कोणी वाचलं तर काय, या धास्तीने निघालेले संपादक परतले ते कोणीच वाचलं नाही म्हणून रडवेले होऊन. "तीस वर्षं मी भिंतीशी बोललो गं," ते म्हणाले. बायकोने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत जाऊन कोणाला तरी फोन केला.

शनिवारी अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या भावना कळतात हो, पण वाचतं कोण? एक तरी वाचक दाखवा."

"मी!"

मागच्या बाकाजवळ धाकटा उभा होता. केस पिकलेले, काखेत दोरीने बांधलेला अंकांचा गठ्ठा. "अकरा वर्षांत एकही अंक चुकवला नाही. वहिनी पाठवते. आणि या अंकात दादाचं एक वाक्य नाही, सगळं माझं आहे. तुम्हा मंडळींना सोळा पानं झोडपलंय मी. कळलं का कोणाला?"

सगळ्यांना एकदम पान सात उघडायची घाई झाली. मासिक चालू ठेवायचा ठराव अध्यक्षांनी स्वतःच मांडला, तोही मान खाली घालून.

बाहेर आल्यावर दोघं भाऊ बरोबरीने चालू लागले. बोलायची सवय मोडली होती.

"माझी पानं तुझ्या लोकांकडे गेली ना?" शेवटी संपादकांनी विचारलं. "काय म्हणाले?"

"फार आवडली म्हणाले. सगळीच."

संपादक हसले. धाकटा मात्र हसला नाही. "आमची समिती पुढच्या शनिवारी बसतेय, दादा. विषय तोच. येशील?"

संपादकांनी डोळे पुसले. "येईन की. पण तुझ्या अंकांचा गठ्ठा माळ्यावर आहे आणि जड आहे मेला. उचलायला तू घरी ये."