झोपलेल्या वेलीचा पंचनामा

उद्यान कार्यालयाच्या परिपत्रकानुसार हिवाळा एक तारखेलाच सुरू झाला होता. थंडीला ते कळवायचं राहून गेलं, एवढंच. लोक पंखे लावून बसले होते, जाईला नवी पानं फुटत होती आणि टायपिस्टबाईंच्या गॅलरीत मोरवेलीला कळ्या आल्या होत्या.

बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी यजमानांनी ही वेल लावली आणि दोन महिन्यांत ते गेले. फूल कुठल्या रंगाचं, असं बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले होते, "फुललं की बघ ना. सगळं आधीच कशाला हवं तुला?" पण बघायचं कसं? दर हिवाळ्यात कार्यालयाचा माळी यायचा आणि इमारतीवरची प्रत्येक वेल वीतभर ठेवून छाटायचा. ही मोरवेल फुलते जुन्या फांदीवर, आणि जुनी फांदी काही उरायची नाही. अशी सात वर्षं गेली. यंदा थंडीच नाही म्हणून कळ्या लवकर धरल्या, हिरव्या, घट्ट मिटलेल्या. छाटणी होती परवा.

बाई तडक कार्यालयात गेल्या. वेल-अधिकारी लोकरी कोट घालून, टेबलफॅन तोंडाशी घेऊन घाम पुसत बसले होते.

"साहेब, छाटणी झोपलेल्या वेलींची करतात ना? माझी जागी आहे."

"हिवाळ्यात वेली झोपलेल्याच असतात, बाई."

"अहो, कळ्या आल्यात तिला!"

"मग झोपेत आल्या असतील."

"पण हिवाळा आहेच कुठे?"

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. "हळू बोला! हिवाळा आहे म्हणून कार्यालय तासभर उशिरा उघडतंय. एका वेलीपायी साठ माणसांची झोप मोडू?"

बाईंनी चारच दिवस मागितले. त्यासाठी वेल जागी असल्याचा दाखला हवा होता. दाखला पाहणीनंतर मिळे आणि पाहणी उन्हाळ्यात होई, कारण हिवाळ्यात जागी वेल नसतेच, तर पाहायचं काय? साहेबांनी नियमच पुढे सरकवला. खाली कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं होती. ती बाईंचीच होती. तीस वर्षं त्यांनी याच कार्यालयात बिनचूक टाइप केलं होतं; वाचलं मात्र काहीच नव्हतं.

ठरल्या दिवशी माळी आला. कळ्या बघून त्याचाही हात थांबला.

"बाई, उद्या उघडतील हो या. दोन शेजाऱ्यांनी लिहून दिलं ना, वेल जागी आहे म्हणून, तर मी आज परत जातो."

बाईंच्या जिवात जीव आला. समोरचे निवृत्त मास्तर आणि खालच्या वहिनी दोघंही रोज कळ्या बघायला येत, फोटो काढत. दोघं धावत आली. पंचनाम्यावर 'वेल झोपलेली आढळली' हे छापलेलंच होतं. जागी म्हणायचं तर हाताने लिहावं लागणार होतं.

"छापलंय त्याअर्थी विचार करूनच छापलं असेल," मास्तर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

"मला तर बाई बघवतच नाही," वहिनी म्हणाल्या. डोळे पुसून त्यांनीही केली.

कात्री चालली. बाईंनी एक कळी उचलून पेल्यातल्या पाण्यात ठेवली. ती मिटलेलीच राहिली आणि तशीच काळी पडली. रंग शेवटपर्यंत कळला नाही.

मास्तरांचा आणि वहिनींचा राग आला ना तुम्हाला? यायलाच हवा. बरं, परवा तुमच्या दाराशी एक छापील कागद आला होता, खाली सहीपुरती जागा असलेला. काय लिहिलं होतं हो त्यात?