भाटकर मॅडमच्या खळ्यातलं हृदय

भाटकर मॅडमच्या घरी जायचं तर उजव्या कर्णिकेतून जावं लागतं. घरापुढच्या खळ्यात त्यांनी चुन्याने भलंमोठं हृदय काढलं आहे. फाटक म्हणजे महाशिरा, पडवी म्हणजे फुफ्फुसं. आमच्या दोन घरांमध्ये फक्त चिऱ्यांचा गडगा, त्यामुळे हे रक्ताभिसरण मला रोज दिसतं.

यातून मासेवालीही सुटत नाही. एकदा ती सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाली.

"अगं, रक्त उलटं जात नाही. झडप बंद आहे," मॅडम ओरडल्या.

"बाय, आधी बांगडे आत घे. मग लाव काय ती झडप!"

मॅडम नर्सिंगच्या शाळेत शरीरशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्या, तरी मागे पडलेल्या मुली त्यांच्याकडे येतच राहिल्या. "पुस्तक मिट, चालायला लाग," हे त्यांचं पहिलं वाक्य. "दमले बाई, ही शेवटचीच," हे निरोपाचं. शेवटची मुलगी दरवर्षी नवी असते.

यंदाची वैशाली. देवरूखकडच्या वाडीतली. इंजेक्शन द्यायला हात हलका, पण छापील ओळ वाचायला घेतली की अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागा बदलत. मॅडमनी खेटे घालून तिला लेखनिक मिळवून दिला, म्हणून लेखी परीक्षा निभावली. तोंडी परीक्षेत मात्र ती घाबरून गप्प उभी राहिली आणि नापास झाली. पुन्हा तसंच झालं तर शाळा सुटणार होती. घरच्यांनी मुलगा बघूनच ठेवला होता.

"मॅडम, माझ्या नाय डोक्यात बसत."

"डोक्यात कशाला? पायात बसव."

मग महिनाभर वैशाली रक्त झाली. फाटकातून वरच्या कप्प्यात, कर्णिकेत, झडपेतून खालच्या जवनिकेत, तिथून पडवीत. पडवीत ऑक्सिजन म्हणून कोकमचं सरबत मिळे. पुन्हा खळ्यात, डाव्या बाजूने, आणि महाधमनीतून बाहेर. मॅडम गुडघे धरून पायरीवर बसत आणि तिथून चुका काढत. संध्याकाळी दोघींचेही चेहरे दमून उतरलेले असत.

तोंडी परीक्षेत काय झालं ते वैशालीनेच सांगितलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हृदय विचारलं. मग तिने "चालून सांगू का?" असं विचारलं, आणि टेबलाभोवती चालत एकेक कप्पा बिनचूक सांगत गेली. फक्त डाव्या जवनिकेत मोकळ्या जागेला वळसा घातला.

"इथे का वळलात?" परीक्षकांनी विचारलं.

"तिथं तुळस आहे ना, सर."

हृदयात तुळस असल्याचं परीक्षकांनी प्रथमच ऐकलं. ते पोट धरून हसले आणि त्यांनी तिला पास केलं.

वैशाली पाया पडायला आली. "सोमवारपासून वॉर्डात ड्युटी, मॅडम. आता नाय जमायचं यायला."

"बरं झालं. सुटले मी," मॅडम म्हणाल्या. ती वळणाआड जाईपर्यंत त्या फाटकाशी उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यापलीकडून हाक आली. मॅडमच्या हातात चुन्याचा डबा होता. परसात त्यांनी घेवड्याच्या दाण्यासारखं काहीतरी काढलं होतं.

"मूत्रपिंड आहे. तुम्हाला यातलं काही कळतं?"

"नाही."

"अगदीच काही नाही?" त्यांच्या आवाजात आशा होती.

"अगदीच नाही."

"मग या ना," त्या म्हणाल्या. "घाई नाही. सावकाश शिकवीन."